पिंपळगाव ते आझादपूर: आधी झोपायची जागा ठरवा, मग रस्ता

कांद्याची गाडी दिल्लीला लावायची म्हटली की पहिला प्रश्न भाड्याचा आणि दुसरा "पोचणार कधी?" हा. ट्रान्सपोर्टवाला "परवा रात्री" म्हणून मोकळा होतो आणि त्या एका शब्दानं पुढचं सगळं ठरून जातं. ड्रायव्हर किती झोपणार, घाट किती वाजता लागणार, धुक्यात थांबायची मुभा राहणार की नाही, सगळं. माझं म्हणणं असं की हा हिशोब उलट्या टोकानं मांडायला हवा. आधी स्टेअरिंगचे तास मोजायचे, मग मुक्काम ठरवायचे, मग रस्ता, आणि शेवटी व्यापाऱ्याला वेळ सांगायची.

पिंपळगाव बसवंतहून आझादपूर मंडी साधारण १३०० किलोमीटर. धुळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६०, धुळे-सेंधवा-इंदूर-देवास-बियावरा हा ५२, बियावऱ्यापासून गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर ४६, आणि तिथून मुरैना, धोलपूर, आग्रा, मथुरा, पलवल हा ४४. बोलण्यात अजून हा सगळा आग्रा रोडच. मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावर ८०ची मर्यादा आहे आणि वेग अडवणारा गव्हर्नरही तिथेच बांधलेला असतो, पण भरलेल्या दहाचाकीची सरासरी ८० कधीच पडत नाही. दोन मोठे घाट, टोल आणि शहराजवळची गर्दी धरून ताशी ४० हा खरा आकडा. म्हणजे स्टेअरिंगवर ३२ तास.

१९६१च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यापासून चालत आलेलं माप असं: दिवसाला ८ तास काम, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. पैकी नऊ तासांची अट सर्रास मोडली जाते. एका ड्रायव्हरला ३२ तासांसाठी चार दिवस लागतात. "परवा रात्री" हे वचन एका ड्रायव्हरवर दिलं असेल, तर ते त्याच्या झोपेतून कापून दिलेलं असतं. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेतच, हा नियम २०१८ मध्ये निघून गेला. नियम गेला म्हणून माणसाची झोप कमी झाली नाही.

एक ड्रायव्हर असेल तर मुक्काम असे पडतात. पहिली रात्र धामनोदला, म्हणजे नर्मदा ओलांडून गणपती घाटाच्या पायथ्याशी. दुसरी बियावऱ्याला, तिसरी ग्वाल्हेरच्या बायपासवर. चौथ्या दिवशी दुपारी पलवल गाठायचं, नऊ तास झोपायचं आणि मध्यरात्री निघून पहाटे मंडीत. दोन ड्रायव्हर असतील तर पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघून गुन्यापर्यंत, तिथे सहा तास गाडी उभी, आणि दुसऱ्या रात्री दिल्लीत. धावत्या केबिनमध्ये मागच्या बाकावर लागते ती झोप अर्धीच असते, म्हणून दोघं असले तरी रात्री गाडी उभी करायचीच. मुक्काम रस्त्याच्या कडेला नको. पंपाचं आवार, उजेड, वॉचमन आणि पाणी असेल अशी जागा निघण्याआधी फोन करून पक्की करा. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर आता ट्रकचालकांसाठी 'अपना घर' नावाच्या विश्रांतीच्या खोल्याही आहेत. देवास, मक्सी, शाजापूर या पट्ट्यात धावत्या गाडीवर चढून ताडपत्री कापायच्या चोऱ्या झालेल्या आहेत. तिथे रात्री एकट्यानं रेंगाळू नका. परतीला महागडा माल असेल तर हा पट्टा उजेडातच पार करा.

वजन: गोण्या मोजू नका, काटा करा

दंडाची सुरुवात माल भरतानाच होते. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मान्य वजन, आज बहुतेक २८ टन, पुढच्या ॲक्सलवर ७ आणि मागच्या जोडीवर २१. हे वाढीव आकडे जुलै २०१८च्या अधिसूचनेतून आले. त्याआधीच्या गाडीच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) २५ टन लिहिलं असेल तर तिची मर्यादा २५च. शेजारच्याची तशीच गाडी २८ला पास आहे, हे काट्यावर ऐकून घेत नाहीत.

आता प्रत्यक्ष हिशोब बघा. समजा गाडी बॉडीसकट साडेनऊ टनांची. २८ मधून ते गेले की उरले साडेअठरा. ५० किलोची गोणी धरून मुनीम ३७० गोण्या लिहितो. पण ओलसर कांदा, बारदान आणि वरून टाकलेला मूठभर माल धरून गोणी सहज ५२ला जाते. ३७० गोण्यांचे झाले १९,२४० किलो, म्हणजे पाऊण टन ओव्हरलोड, आणि कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. त्यात टाकी भरून डिझेल, दोन स्टेपन्या, रस्से, ताडपत्री, स्वयंपाकाचं सामान आणि दोन माणसं अजून मोजलेलीच नाहीत. ३५० गोण्यांच्याही आधी थांबायला हवं होतं.

म्हणून दोन गोष्टी करा. रिकामी गाडी टाकी भरून, सगळ्या सामानासह एकदा काट्यावर घाला आणि ती पावती केबिनमध्ये ठेवा. आरसीवरचं रिकामं वजन आणि हे वजन क्वचितच जुळतं, कारण बॉडी बांधणारा जाड पत्रा वापरतो आणि पुढे मालक कॅरिअर वाढवतो. दुसरं म्हणजे भरल्यावर दोनदा काटा करा, आधी फक्त पुढची चाकं चढवून आणि मग पूर्ण गाडी. पुढच्या ॲक्सलवर वजन फार कमी आलं असेल तर माल मागे झुकलाय. अशा गाडीचं स्टेअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर तिचं तोंड वळत नाही. सातच्या वर गेलं असेल तर पुढचे टायर तापणार. हमाल अजून गेटवर आहेत तोवर दहा-पंधरा गोण्या इकडच्या तिकडे करणं सोपं असतं. सेंधव्याला ते जमत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला आणखी २,००० असा दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. माल बाजूनं, मागं किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर त्याचेही २०,००० वेगळे. पाऊण टन कांद्याचं भाडं आणि हे आकडे शेजारी लिहून बघा. उतरवलेल्या गोण्या उन्हात रस्त्याकडेला पडल्या की त्यांचं काय होतं हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

कांदा श्वास घेतो, उष्णता सोडतो. ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळली की मधल्या थरात वाफ धरते आणि मंडीत गोण्या खालून ओल्या निघतात. पाऊस नसेल तर वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. पावसाळ्यात बाजूही झाकाव्या लागतात, मग दर थांब्यावर मागची बाजू उघडून हवा द्या. रस्से पहिल्या ५० किलोमीटरांतच परत आवळावे लागतात, कारण गोण्या बसतात आणि ताण सुटतो. चांदवडला चहाला थांबाल तेव्हा चहाच्या आधी हे काम.

कागद

नॅशनल परमिट, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, लायसन्स. मोबाइलमध्ये डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर असलेले कागद कायद्यानं चालतात, पण फोन बंद पडतो, म्हणून छापील प्रत हवीच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी करावं लागतं, पुढे दरवर्षी. फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या लेखी नोंदणी नसलेली गाडी असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. तारखा बघताना निघायची तारीख बघू नका, परतायची बघा. आठ दिवसांच्या फेरीत सहाव्या दिवशी विमा संपत असेल तर तो आधीच भरायचा. गाडीवर थकलेली ई-चलनं आहेत का तेही बघा, ती साठली की पुढचं फिटनेस आणि परमिट अडतं. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याच्या टोलचे पैसे आधीच भरा. टोलवर पोचल्यावर रिचार्ज केलं तर काळ्या यादीतला टॅग लगेच उघडेलच असं नाही.

ताजा कांदा करमुक्त आहे, त्यामुळे त्याला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. बाजार समितीचा कागद, व्यापाऱ्याचं बिल आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) लागते, आणि या तिन्हींवर गाडी नंबर, गोण्या आणि वजन एकच हवं. परतीला दिल्लीहून पार्सल, यंत्रं, प्लास्टिक, जे काही भराल त्याची किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल लागणार. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, उरलेल्या तुकड्यालाही एक पूर्ण दिवस. १३०० किलोमीटरला सात दिवस मिळतात, ते पुरेसे आहेत. फसतं ते गाडी बंद पडल्यावर. मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच उघडी असते. रात्री बाराला बिल संपलं आणि सकाळी नऊला मालक जागा झाला, तर खिडकी बंद झालेली असते. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग 'ब' मध्ये नवा गाडी नंबर चढवल्याशिवाय ती गाडी हलवू नका. पकडलं गेल्यास दंड कराच्या दुप्पट, आणि दंड माल मालकाचा असला तरी अडकून पडते गाडी.

परतीच्या भाड्याचा आणखी एक सापळा. नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यातल्या राज्यात माल वाहता येत नाही. ग्वाल्हेरला भरून इंदूरला उतरवलं तर दोन्ही टोकं मध्य प्रदेशात, ते परमिटच्या बाहेरचं काम. ग्वाल्हेरहून धुळ्याचा माल असेल तर हरकत नाही. दलाल हे सांगत नाही, कारण चलन त्याच्या नावावर फाटत नाही.

घाट, आणि तेही परतीचे

या रस्त्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही: दिल्लीला जाताना गाडी सातपुडा आणि विंध्य दोन्ही चढते, येताना दोन्ही उतरते. जाताना बिजासन आणि गणपती घाटात इंजिन तापतं, गाडी पंधराच्या वेगानं रांगते, वेळ जातो. धोका परतीला असतो, कारण गाडी भरलेली, ड्रायव्हर आठवड्याचा थकलेला आणि घर दोनशे किलोमीटरवर आलेलं. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मध्य प्रदेशाकडून उतरलेल्या कंटेनरचे ब्रेक गेले, तो वाहनांना उडवत थेट हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात आलं की लगेच हे गाव लागतं. गणपती घाटात इंदूरकडून उतरणाऱ्यांसाठी २०२४च्या शेवटी कमी उताराचा वेगळा रस्ता सुरू झाला. मॅप जुन्या घाटाकडे वळवत असेल तरी नव्याच रस्त्यानं या.

ब्रेक "अचानक" जात नाहीत. उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की लायनिंग आणि ड्रम तापत जातात, तापलेलं लायनिंग पकड सोडतं, मग ड्रायव्हर आणखी जोरानं आणि पुन्हापुन्हा दाबतो. प्रत्येक दाबण्यासरशी टाकीतली हवा खर्च होते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिन आयडलिंगवर, कॉम्प्रेसर हळू, खर्चलेली हवा भरून येत नाही. पेडल दाबूनही गाडी थांबत नाही ती अशी. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारा ड्रायव्हर तीन-चार लिटरसाठी इंजिनाचा ब्रेक आणि हवा दोन्ही सोडून देत असतो.

उतरायची रीत सोपी आहे, फक्त घाटाच्या माथ्यावर सुरू करावी लागते. माथ्याआधी गाडी बाजूला घ्या, दोन मिनिटं उभी करा, हवेचा दाब पूर्ण भरू द्या. ज्या गिअरमध्ये ही भरलेली गाडी हाच घाट चढली असती तो गिअर, किंवा त्याच्या खालचा, उतार लागण्याआधीच टाका. मध्येच गिअर काढला आणि परत पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू ठेवा. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून आठ-दहा किलोमीटरनं खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. हलका पाय टेकवून ठेवायची सवय सगळ्यात वाईट, ड्रमला थंड व्हायला वेळच मिळत नाही. जळकट वास आला की पुढच्या रुंद जागेत थांबा, चाकाखाली लाकडी ठोकळे लावा आणि अर्धा तास काहीही करू नका. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर ड्रम तडकतो.

निघण्याआधी मेकॅनिककडून सगळ्या चाकांचे ब्रेक एकसारखे लावून घ्या. दोन चाकांचे सैल असतील तर उरलेल्यांवर सगळा भार येतो आणि तेच आधी तापतात. हवेच्या टाक्यांखालचे कॉक रोज सकाळी उघडून पाणी काढा. हे काम क्लीनरवर सोडलं तरी समोर उभं राहून बघा. जोडटायरमध्ये आतल्या टायरची हवा सहसा कोणी तपासत नाही, कारण हात पोचत नाही. आतला टायर कमी हवेचा राहिला की बाहेरचा दुप्पट वजन ओढतो आणि दुपारी फुटतो. हवा थंड टायरलाच मोजायची, आणि जोडीत अडकलेला दगड काढायचा.

मॅप आणि दिल्लीचं दार

गुगल मॅपला तुमची गाडी दहाचाकी आहे हे ठाऊक नसतं. तो कारचा रस्ता देतो. गावातून, कमी उंचीच्या रेल्वे बोगद्याखालून, जुन्या पुलावरून, आणि चार मिनिटं वाचली म्हणून दाखवतो. त्यावर उपाय म्हणजे फक्त शेवटचं ठिकाण न टाकता मधले थांबे बायपासवर टाका: मालेगाव, धुळे, इंदूर, देवास, ग्वाल्हेर. मग मॅप शहरात शिरायचं नाव काढत नाही. उंची अडवणारी लोखंडी कमान दिसली तर "जाईल" असा अंदाज करू नका. माल भरल्यावर जमिनीपासून सगळ्यात उंच गोणीपर्यंत टेप लावून आलेला आकडा केबिनच्या काचेवर लिहून ठेवा.

डिझेल साडेतीनच्या ॲव्हरेजनं एका बाजूला ३७० लिटर, आणि बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाडीला त्याच्या साधारण पाच टक्के डीईएफ, हे धूर स्वच्छ करणारं द्रव, म्हणजे २० लिटरचा एक कॅन. तो सीलबंदच घ्या. भेसळीचं डीईएफ पडलं की सेन्सर इंजिनाची ताकद कमी करतो, आणि ते नेमकं चढावर कळतं.

डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याचा हंगाम आणि उत्तरेचं धुकं एकाच वेळी येतं. ग्वाल्हेर ते पलवल हा टप्पा तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांतच बसवा.  धुक्यात पुढची गाडी दिसेनाशी झाली की पंपात शिरा. पांढऱ्या पट्टीबाहेर इंडिकेटर लावून उभं राहू नका, मागून येणारा त्याच दिव्यांच्या अंदाजानं तुमच्यावर येतो.

दिल्लीत १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या नोंदणीच्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना बंदी आहे. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा. गाडी लावण्याआधी आरसीवर हे बघा, नाहीतर १३०० किलोमीटर जाऊन सीमेवर माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागेल. हिवाळ्यात प्रदूषणावरचे निर्बंध चौथ्या टप्प्याला गेले की जीवनावश्यक माल नसलेल्या बीएस-४ डिझेल ट्रकना आत सोडत नाहीत. कांदा चालतो, पण त्यासाठी बिलावर कांदा स्पष्ट लिहिलेला हवा. व्यावसायिक गाडीला आरएफआयडी टॅग आणि पर्यावरण शुल्काचे पैसे लागतात, ते आधीच भरून ठेवा. सकाळ-संध्याकाळच्या नो-एंट्रीच्या वेळा दिल्ली वाहतूक पोलिसांच्या ताज्या आदेशातून घ्या, गेल्या वर्षीच्या ड्रायव्हरच्या आठवणीतून नको.

आझादपूर दिल्लीच्या उत्तरेला, जीटी करनाल रोडवर आहे. पलवलहून सरळ फरिदाबाद-बदरपूरमार्गे शिरलात तर अख्खी दिल्ली दक्षिणेकडून उत्तरेला कापावी लागते. त्यापेक्षा पलवलला केएमपी (कुंडली-मानेसर-पलवल) द्रुतगती मार्ग धरा, मानेसरवरून कुंडलीला निघा आणि सिंघू सीमेवरून खाली या. ऐंशी-नव्वद किलोमीटर आणि एक टोल जास्त पडतो, पण शहरातली कोंडी टळते. कुंडलीच्या अलीकडे थांबून अडत्याला फोन करा. मंडी चालू आहे का, कोणत्या शेडला लावायचं, आत किती गाड्यांची रांग आहे, हे विचारूनच पुढे सरका.

ड्रायव्हरच्या फोनमध्ये महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि ११२ टाकून द्या. अपघात झाला तर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्यानंच चालकाचं काम आहे. जमाव अंगावर येईल असं वाटलं तर गाडी सोडून जवळच्या पोलीस ठाण्यात जावं आणि तिथून मालकाला फोन करावा. हे निघण्याआधीच त्याला सांगून ठेवा, त्या घडीला कोणाला सुचत नाही. आणि त्याच वेळी हेही सांगा की वाटेत झोप आली तर विचारायला फोन करायचा नाही, गाडी उभी करायची. व्यापाऱ्याला उशीर कळवायचं काम मालकाचं.